ओकायामा आणि कागावा : सेतो समुद्राच्या दोन काठांवर चार दिवसांची आखणी

जपानला पहिल्यांदा जाणारे बहुतेक मराठी प्रवासी तोक्यो, फुजी, क्योतो आणि ओसाका हीच वाट धरतात, आणि पुढे हिरोशिमापर्यंत गेलेच तर वाटेतल्या ओकायामा स्थानकावर गाडी थांबते तेव्हा खिडकीतून बाहेर पाहून पुढे निघून जातात. माझा आग्रह असा की हाताशी चार दिवस असतील तर इथे उतरावेच. शिन-ओसाकाहून वेगवान शिनकान्सेनने पाऊण तासात ओकायामा येते, गर्दी क्योतोच्या मानाने पुष्कळ कमी असते आणि समुद्रावरचा पूल ओलांडला की शिकोकू बेटावरचा कागावा प्रांत तासाभराच्या अंतरावर आहे. दोन रात्री ओकायामात आणि दोन रात्री ताकामात्सुत, अशी विभागणी सोयीची पडते.

ओकायामात पहिली सकाळ कोराकुएन बागेसाठी राखून ठेवावी. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जे पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते याच बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे, त्यामुळे पुणेकरांना इथले वळणे घेणारे पाण्याचे पाट, ठेंगणे टेकाड आणि मोकळी हिरवळ ओळखीची वाटेल. मात्र मूळ बाग सुमारे तेरा हेक्टरांवर पसरलेली आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराच्या आज्ञेने १६८७ मध्ये काम सुरू झाले आणि १७०० मध्ये बाग पूर्ण झाली. स्थानकापासून हिगाशियामाकडे जाणारी ट्राम धरून शिरोशिता थांब्यावर उतरावे, तिथून दहा मिनिटे चालले की बाग येते. बागेत केवळ शोभेची झाडे नसून भाताचे खाचर आणि चहाचा मळाही आहे, तो चुकवू नये. र्युतेन नावाच्या विश्रामगृहात तर खोलीच्या मधोमध पाण्याचा प्रवाह नेलेला आहे आणि त्यात रंगीत दगड ठेवलेले आहेत. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी ही एक असल्यामुळे तिच्या कठड्याशी थोडा वेळ निवांत बसावे. नदीपलीकडचा काळा किल्ला त्याच बॉम्बवर्षावात जळाला आणि १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधला गेला. तो बाहेरून पाहिला तरी पुरे, असे माझे मत आहे.

ओकायामाची खरी श्रीमंती फळांत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर इथला पांढरा पीच खाल्ल्याशिवाय परतू नये. झाडावर असतानाच प्रत्येक फळाला कागदी पिशवी घालतात, त्यामुळे त्याची साल फिकट राहते आणि गर इतका नाजूक होतो की बोटाने दाबले तरी डाग पडतो. म्हणून दुकानात फळ हाताने चाचपू नये. आपण हापूस घेताना आज खायचा की परवा हे सांगतो, तसेच इथेही विक्रेत्याला सांगावे, म्हणजे तो नेमके फळ निवडून देतो. पीच दिवसभर फ्रिजमध्ये ठेवला तर गोडी उतरते. खाण्यापूर्वी तासभर गार करून साल हातानेच सोलावी. इतर ऋतूंत गेल्यास द्राक्षे मिळतात, आणि बऱ्याच कॅफेंमध्ये हंगामी फळांचे उंच पेल्यातले पार्फे असतात. किबी दांगो हे मऊ तांदुळी गोळे घरी आणायला सोयीचे आहेत. मासे खाणाऱ्यांनी बाराझुशी मागवावी. भातावर समुद्रातले मासे, कोळंबी, अंडे आणि भाज्या मांडलेला हा ओकायामाचा सणासुदीचा पदार्थ आहे.

दुसऱ्या दिवशी लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवरच्या कुराशिकीला जावे. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारे अर्ध्या दिवसात पाहून होतात. त्यातला बराचसा वेळ १९३० मध्ये सुरू झालेल्या ओहारा कलासंग्रहालयाला द्यावा, कारण एल ग्रेको आणि मोने यांची चित्रे एवढ्याशा गावात पाहायला मिळतात. सोमवारी ते बहुधा बंद असते, हे आधी तपासावे.

ओकायामाहून ताकामात्सुला जाण्यासाठी मरीन लायनर गाडी आहे. ती १९८८ मध्ये खुल्या झालेल्या सेतो महासेतूवरून जाते आणि साधारण पंचावन्न मिनिटे घेते. परदेशी पर्यटकांसाठीचा प्रादेशिक रेल्वे पास घेणार असाल, तर त्यात हा पूल ओलांडण्याचा प्रवास धरलेला आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी नक्की पाहावे.

कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधला सर्वांत लहान प्रांत, आणि तो ओळखला जातो सानुकी (हे या प्रांताचे जुने नाव) उदोन या जाड, चिवट गव्हाच्या शेवयांसाठी. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांमुळे इथे पाऊस कमी पडतो, म्हणून भाताइतकाच गहू रुजला. किनाऱ्यावर मीठ पिकले, शेजारच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस तयार होऊ लागला आणि समुद्रातून इरिको ही छोटी सुकी मासळी मिळाली. या चार गोष्टी एकत्र आल्या की उदोनचा वाडगा तयार होतो.

इथली चांगली दुकाने स्वयंसेवेची असतात आणि नवख्या माणसाची तिथे तारांबळ उडते, म्हणून क्रम नीट लक्षात ठेवावा. दाराशी ट्रे उचलून रांगेत उभे राहावे. काउंटरवर आधी प्रमाण सांगायचे, ‘शो’ म्हणजे लहान आणि ‘दाई’ म्हणजे मोठे. मग प्रकार सांगायचा: ‘काके’ म्हणजे रश्शातला, ‘बुक्काके’ म्हणजे थोडा दाट रस वरून ओतलेला, ‘कामाआगे’ म्हणजे उकळत्या पाण्यासकट दिलेला आणि बुडवून खायचा. काही दुकानांत शेवयांची गुंडाळी नुसतीच हातात देतात. ती लांब दांड्याच्या गाळणीत घालून गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद हलवायची, पाणी झटकायचे आणि वाडग्यात उपडी करायची. पुढे तेंपुराच्या, म्हणजे पिठात घोळून तळलेल्या पदार्थांच्या, थाळ्यांतून हवे ते चिमट्याने उचलावे, पैसे द्यावेत, आणि शेवटी नळातून रस्सा घेऊन त्यावर कांद्याची पात, किसलेले आले आणि तळणीतले कुरकुरीत कण घालावेत. साधा वाडगा बहुतेक ठिकाणी पाचशे येनच्या आत मिळतो. खाऊन झाल्यावर भांडी परतीच्या खिडकीत आपणच नेऊन ठेवायची असतात. शेवया संपल्या की दुकान बंद होते, काही दुकाने तर दुपारी दोनच्या सुमारासच, तेव्हा उदोन सकाळी किंवा लवकर जेवणाला खावा. जवळ रोख रक्कमही असू द्यावी.

शाकाहारी मंडळींनी इथे विशेष सावध राहावे. रस्सा पाण्यासारखा नितळ दिसला तरी तो इरिकोचा, म्हणजे मासळीचाच असतो, आणि ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने तो वगळला जात नाही. त्याऐवजी ‘किजोयु’ उदोन मागवावा. त्यात शेवयांवर सोया सॉस घालतात, मात्र टेबलावरच्या बाटलीत दाशी, म्हणजे मासळीचा अर्क, मिसळलेला सॉस नाही ना, हे विचारून घ्यावे. तेंपुराच्या आवरणात बहुधा अंडे असते, आणि चिकुवा नावाची नळी भाजीची नसून माशाची असते. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो ताबेमासेन’, म्हणजे मांस व मासे खात नाही आणि माशाची दाशीही खात नाही, हे वाक्य हॉटेलच्या स्वागतकक्षातून जपानी लिपीत कागदावर लिहून घ्यावे. तोंडी बोलण्यापेक्षा कागद दाखवलेला अधिक उपयोगी पडतो.

ताकामात्सुतली रित्सुरिन बाग सूर्योदयाच्या सुमारास उघडते, म्हणून आधी बाग आणि मग उदोन असा क्रम ठेवावा. शिउन डोंगर बागेच्या मागे उभा असल्याने ती आहे त्याहून खोल भासते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपल लाल होतात, तेव्हा तिच्या तोडीची जागा या भागात नाही. आधुनिक कलेची आवड असल्यास ताकामात्सुहून बोटीने नाओशिमा बेटावर जाता येते, पण तिथल्या चिचू संग्रहालयाचे वेळेचे तिकीट आधीच काढून ठेवावे लागते.

शेवटचा दिवस कोतोहिराला द्यावा. कोम्पिरा देवस्थानाच्या मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत आणि आतल्या मंदिरापर्यंत एकूण १,३६८. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ७८५ वर थांबण्यात काहीच उणेपण नाही, कारण सानुकीचे सपाट मैदान तिथूनच उत्तम दिसते. महाद्वाराच्या आत पाच मोठ्या पांढऱ्या छत्र्यांखाली पिवळ्या साखरेच्या कडक वड्या विकतात. हा मान पिढ्यान्‌पिढ्या पाचच घराण्यांकडे आहे, आणि पाकिटात वडी फोडायला इवलीशी हातोडी मिळते. सामान स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून सकाळी लवकर चढावे. कोतोहिराहून ओकायामाला थेट जलद गाडी सुमारे तासाभरात जाते, त्यामुळे पुन्हा ताकामात्सुला जाण्याचे कारण उरत नाही आणि संध्याकाळची शिनकान्सेन सहज मिळते.