वर्षाच्या पुढचं मूल "खातच नाही"? वाटी बाजूला ठेवा, आधी तक्ता बघा

पहिला वाढदिवस झाला की बऱ्याच घरात सुरू होतं, "आधी छान खायचं हो, आता तोंडच उघडत नाही". बहुतेक वेळा कारण साधं असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं म्हणजे सहा किलोच्या आसपास वाढतं आणि अख्ख्या दुसऱ्या वर्षात मात्र साधारण अडीच किलो, मग भूक कमी होणारच ना. पण आपण भरायची वाटी तीच ठेवतो आणि मग मोबाईल लाव, मागे मागे पळ, गाल दाबून घास कोंब.

तर आधी वजनाचा तक्ता बघा, अंगणवाडीत असतो, डॉक्टरांकडेही असतो. दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आणि मुलीचं ११.५, पण मधलं म्हणजे निम्मी निरोगी मुलं त्याच्या खालीच असतात, त्यामुळे शेजारच्या गुबगुबीत बाळाशी तुलना नको. तक्त्यावर वजनाचे ठिपके जोडून जी रेष होते, तिला धरून आपलं मूल वर चाललंय का एवढंच बघायचं. रेष आडवी झाली, खाली उतरली किंवा एकदम वर चढली तर डॉक्टरांना दाखवा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली होती, म्हणून आईची काळजी उगाच आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त त्यावर जबरदस्ती हा उपाय नाही.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची एक वाटणी मला फार पटते: काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलानं. म्हणजे तीन जेवणं आणि मधे एक-दोन वेळा काहीतरी छोटं, वेळा साधारण ठरलेल्या, त्या वेळा सोडून फक्त पाणी. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण जेवला नाही म्हणून अर्ध्या तासानं दुधात बिस्किट, मग परत दूध, आणि रात्री पोट भरलेलं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, जास्त दुधानं भूक मरते आणि लोहही कमी पडतं.

ताटात दोनच चमचे वरणभात वाढा, मागितला तर अजून द्या. त्याच्या हाताने खाऊ द्या, सांडेल, सांडू दे. चिऊचा घास काऊचा घास खुशाल करा पण तोंड फिरवलं, ओठ मिटले, हातानं चमचा ढकलला की थांबायचं, "शेवटचा एकच" नाही. वीस-तीस मिनिटांत ताट उचला, न रागावता. मोबाईल बंदच, स्क्रीनकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. नवी भाजी थुंकली तर परत काही दिवसांनी चिमूटभर ठेवा, कधीकधी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं खातात.

आता वजनाचं. ज्यांना जबरदस्तीनं भरवलं जातं ती मुलं अभ्यासांमध्ये बहुतेकदा बारीक दिसतात, पण याचा अर्थ भरवल्यामुळे बारीक झाली असाच नाही, बारीक मुलालाच आपण जास्त कोंबतो. हे दोन्ही बाजूंनी फिरत राहतं. जाड मुलाचं उलट, खाऊ डब्यात लपवला की त्याला तोच हवासा वाटतो, मुलांच्या खाण्यावर संशोधन करणाऱ्या लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवरच्या प्रयोगांत हे दाखवलंय. म्हणून चिप्स-चॉकलेट घरात कमीच आणा, आणि "भाजी संपव मग चॉकलेट" तर नकोच, त्यानं भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

वजन खरंच कमी असेल तर घास वाढवण्यापेक्षा घासातला कस वाढवा: भातावर तूप, बारीक शेंगदाण्याचं कूट, अंडं, घट्ट वरण, नाचणीची खीर. आख्खे शेंगदाणे मात्र या वयात नको, घशात अडकतात.

आणि घरात आजी भरवत असेल किंवा बाळ पाळणाघरात जात असेल तर हे सगळं त्यांच्याशीही बोलून ठेवा, नाहीतर तुम्ही संध्याकाळी थांबणार आणि दुपारी कोंबणं चालूच राहणार.