ग्रुप प्रोजेक्टचं गाणं शूट करताना
सांगलीत कृष्णेच्या घाटावर सरावाचं गाणं शूट करणार असाल, तर कॅमेऱ्याआधी स्पीकर चार्ज करा. गाणं मोठ्यानं लावा आणि गायकाला खरंच गायला सांगा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, खोटेपणा लगेच दिसतो. मोबाईलमध्ये आवाजही रेकॉर्ड होऊ द्या. एडिटिंगला मूळ ट्रॅकशी जुळवायला तोच लागतो. स्लो मोशन हवं? गाणं दुप्पट वेगानं वाजवून सेकंदाला 50 फ्रेमवर शूट करा, मग एडिटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं टाका; ओठ बरोबर बसतात. आयर्विन पुलाचा शॉट सकाळी लवकर उरका. नंतर डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, शिवाय बघ्यांचे फुकटचे सल्ले सुरू होतात.