अमेरिकेतली जुनी इंग्रज घरं बघताना या चुका टाळा

वसाहतकालीन वास्तू म्हटलं की आपल्याला मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवतं. तोच हिशोब अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्याला लावला तर सुरुवातच चुकते. मुंबईत इंग्रजांना राज्याचा दरारा दाखवायचा होता. 1630 नंतर बॉस्टनच्या परिसरात उतरलेली प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमधले थाटामाटाचे विधी नको असलेले, कडक प्रोटेस्टंट) कुटुंबं मात्र मुलाबाळांसह कायमची राहायला आली होती, आणि आपल्या धर्ममतानुसार गाव वसवायला.

म्हणून प्रत्येक फळीत धर्म शोधायचा, ही पुढची चूक. डेडहॅमच्या फेअरबँक्स हाऊसमध्ये घराच्या मधोमध भलंमोठं धुराडं आहे, ते थंडीमुळे. दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात धुराडी घराच्या टोकांना गेली आणि स्वयंपाकघर बरेचदा वेगळंच बांधलं जाई, ते उकाड्यामुळे. बॉस्टनने 1631 मध्ये गवती छपरं आणि लाकडी धुराडी बंद केली ती आगीच्या भीतीने. टॉप्सफील्डच्या 1683 च्या पार्सन केपन हाऊससारख्या घरांचा पुढे आलेला वरचा मजला बघून ‘इथून शत्रूवर गोळ्या झाडत’ असं सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. इंग्लंडमधल्या गावांत घरं तशीच बांधत, तीच रीत इथे आली.

श्रद्धा खरोखर दिसते ती सभागृहांत, म्हणजे प्युरिटन जिथे उपासनेला जमत त्या ‘मीटिंग हाऊस’मध्ये. हिंगहॅमचं 1681 चं ‘ओल्ड शिप चर्च’ आवर्जून बघा. आतून छताचे वासे उलट्या जहाजासारखे दिसतात. प्युरिटनांच्या अशा सभागृहांत मूर्ती नसत, रंगीत काचा नसत, सजवलेली वेदी नसे. मानाची जागा प्रवचनपीठाची, कारण त्यांच्या लेखी देवाचा शब्द ऐकणं हीच उपासना. गावाच्या सभाही तिथेच भरत. पण हा साधेपणा बघून ‘सगळे समान’ असा निष्कर्ष काढलात तर फसाल. कोणी कुठे बसायचं हे वय, संपत्ती आणि प्रतिष्ठा बघून ठरवलं जाई. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. देवापुढे नम्रता आणि गावात उतरंड, दोन्ही त्यांना एकाच छपराखाली मान्य होतं. मला तर या इमारतींचं मर्म नेमकं इथेच वाटतं.

पांढराशुभ्र रंग आणि उंच मनोरा ही प्युरिटनांची खूण समजू नका. ते रूप बहुतांशी नंतरच्या काळातलं.

व्हर्जिनियात इमारतीचं वय आधी विचारा. विल्यम्सबर्गचा गव्हर्नर्स पॅलेस 1781 मध्ये जळाला. आज दिसतो तो 1930 च्या दशकात पुन्हा बांधलेला. जेम्स नदीकाठच्या वेस्टओव्हरसारख्या मळेवाल्यांच्या हवेल्यांत दाराच्या दोन्ही बाजूंना मोजून बसवलेल्या खिडक्या दिसतील. ती शिस्त म्हणजे मालकाच्या हुकमतीचं चित्र होतं. फक्त तेवढंच बघून परतू नका. तो संसार गुलाम माणसांच्या कष्टांवर चालत होता. त्यांच्या राहत्या खोल्या कुठे होत्या, हे वाटाड्याला विचारा. अनेक ठिकाणी त्या उरलेल्याच नाहीत, कारण मालकाचं घर पक्क्या विटांचं होतं आणि त्यांची घरं हलक्या लाकडाची.