दोन भाषा आणि एक अडलेला ‘क’

साडेचार वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं. बहुतेक मुलांचं हे चार वर्षांची होईपर्यंत आपसूक सुटतं, याचं सुटलेलं नाही. मग आईबाबा मला, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाला, विचारतात, “घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलू का?” नको. दोन भाषांमुळे उच्चारदोष होत नाही. एक भाषा काढून घेतली म्हणून तो जातही नाही, आजीशी बोलणं मात्र तुटतं.

आधी ऑडिओमेट्री, म्हणजे मुलाला नीट ऐकू येतं का याची तपासणी. त्याशिवाय मी कामाला हातच घालत नाही.

मग दोन्ही भाषांत ऐकायचं. चित्र दाखवा, नाव मुलालाच सांगू द्या. वहीत दोन रकाने आखून जसं कानावर पडेल तसं लिहा: इकडे ‘नाक’चं ‘नात’, तिकडे ‘केक’चं ‘तेत’. ‘क’ दोन्हीकडे अडतोय, तेव्हा हा खरा दोष. पण इंग्रजी ‘थिंक’मध्ये आपला ‘थ’ आला तर तो मराठीचा ठसा, त्याच्या वाटेला जाऊ नका. घरात सगळेच ‘पानी’ म्हणत असतील तर मुलाच्या ‘पानी’वरही लाल खूण नको. माझ्या पहिल्या वह्यांत अशा खुणा ढीगभर आहेत!

सुरुवात दोन्ही भाषांत असलेल्या आवाजापासून करा. ‘ळ’ तसाही उशिरा येतो, तो थांबेल. ‘क’साठी मुलाला उताणं झोपवते, म्हणजे जीभ मागे सरकते. टोक खालच्या दातांमागे टेकवायचं आणि ‘अक्’ म्हणायचं. शेवटी ‘क’ असलेले ‘नाक’, ‘एक’ पुष्कळदा आधी जमतात.

पुढे ‘कार’ आणि ‘तार’ची चित्रं. मूल मागेल ते द्यायचं. त्याला हवी असते कार, तोंडातून येतं ‘तार’, मी निमूटपणे तार हातात ठेवते. ते चित्राकडे बघतं, माझ्याकडे बघतं, आणि जीभ मागे न्यायची धडपड सुरू होते. ‘असं नाही, नीट म्हण’ने हे होत नाही.

मराठीत ‘क’ बसला की इंग्रजीतले न घोटलेले शब्द विचारा: ‘की’, ‘बुक’. आपोआप आला तर उत्तम, नाहीतर तिथेही ‘की’ आणि ‘टी’ची जोडी घ्या.

दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. एरवी टोकू नका. “ताता आला!” म्हणालं की आपण म्हणायचं, “हो, काका आला,” आणि दार उघडायला जायचं.