जादूच्या काल्पनिक ग्रंथातलं पान कसं रेखाटावं?

कादंबरी, कॉमिक किंवा गेमसाठी जादूचा ग्रंथ रेखाटायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी पंचकोनी चांदणीकडे जातो. मग तिच्याभोवती वर्तुळ, वर्तुळात अगम्य अक्षरं, कोपऱ्यात कवटी. पान भरतं, पण पाहणारा लगेच पुढचं पान उलटतो, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं.

युरोपातल्या खऱ्या जादूग्रंथांमधली, म्हणजे ग्रिमॉयरमधली, बरीचशी चित्रं शोभेसाठी काढलेली नव्हती. त्या सूचना होत्या: साधकाने कुठे उभं राहायचं, मुद्रा, म्हणजे जादूचं रेखाचिन्ह, कोणत्या धातूवर कोरायची, कोणत्या ग्रहाची वेळ पाहायची. 'ग्रिमॉयर' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या व्याकरणाच्या शब्दावरून आला असं मानलं जातं, आणि मला ते फार पटतं. चिन्हांनाही व्याकरण असतं. तुमचा ग्रंथ काल्पनिक असला तरी त्याचं व्याकरण पक्कं हवं.

पायरी १: पानाचं काम एका वाक्यात लिहा

पेन्सिल उचलण्याआधी हे वाक्य लिहून समोर चिकटवा. आपण या लेखासाठी एक पान घेऊ: 'या विधीने माणसाच्या मनातून एक आठवण पुसली जाते.' यापुढे जे चिन्ह या वाक्याला मदत करत नाही, ते पानावर येणार नाही. कवटी आवडते म्हणून कवटी, असं चालणार नाही.

पायरी २: ग्रंथाचं वय ठरवा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. चिन्हांना जन्मतारीख असते. दोन टोकं वर असलेली उलटी चांदणी म्हणजे सैतानी, हा भेद रूढ केला तो एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने, १८५० च्या दशकात. मध्ययुगात पंचकोनी चांदणी ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणूनही ओळखली जायची. बोकडाच्या डोक्याचा, पंख असलेला, कपाळावर चांदणी आणि हातांवर 'सोल्वे' व 'कोआग्युला' (विरघळव आणि घट्ट कर) असे शब्द असलेला प्रसिद्ध बाफोमेटही लेव्हीच्याच हातचा. तुमचा ग्रंथ तेराव्या शतकातला असेल, तर हे दोन्ही त्यात बसत नाहीत.

तेच 'वेगवीसिर' या आइसलँडिक दिशादर्शक चिन्हाचं. व्हायकिंगांच्या ढालींवर ते सर्रास दाखवतात, पण ते आढळतं १८६० मधल्या एका हस्तलिखितात. व्हायकिंग काळाशी त्याचा संबंध जोडणारा पुरावा नाही.

आपलं पान सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं धरू. तो काळ सोयीचा आहे, कारण १५३३ मध्ये हाइनरिश कॉर्नेलियस अग्रिप्पा या जर्मन विद्वानाच्या गूढविद्येवरच्या ग्रंथाचे तिन्ही खंड छापून झाले होते, आणि आपल्या काल्पनिक लेखकाने ते वाचले असणार.

पायरी ३: ग्रह निवडा

ग्रह एकदा ठरला की धातू, रंग, अंक आणि वातावरण आपोआप ठरतं. शनी म्हणजे शिसं, गुरू कथील, मंगळ लोखंड, रवी सोनं, शुक्र तांबं, बुध पारा आणि चंद्र चांदी. आठवण पुसायची तर मी शनी घेईन. शनी जड, संथ, काळाचा स्वामी. पानावर शिशासारखा करडा आणि काळा रंग येईल, सोनेरी अजिबात नाही.

दोन ग्रह एकमेकांसमोर उभे केले तर चित्रात ताण येतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने १५१४ च्या 'मेलेंकोलिया' या कोरीव चित्रात हेच केलं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. खिन्नता हा शनीचा स्वभाव, पण त्या उदास पंखधारी आकृतीच्या मागच्या भिंतीवर गुरूचा चार बाय चारचा अंकांचा चौरस आहे, जणू उतारा म्हणून. त्याची प्रत्येक ओळ ३४ भरते, आणि खालच्या ओळीच्या मधल्या दोन घरांत १५ आणि १४ येऊन चित्राचं सालही वाचता येतं. एका चिन्हाकडून दोन कामं करून घेणं याहून सुंदर कुठे दिसेल, मला ठाऊक नाही.

पायरी ४: मुद्रा घडवा

पानाचा जीव इथे आहे. घाई करू नका.

अग्रिप्पाने सात ग्रहांसाठी सात जादूचे चौरस दिले. शनीचा सर्वांत लहान, तीन बाय तीनचा. कागदावर नऊ घरं आखा आणि असं भरा: वरच्या ओळीत ४, ९, २; मधल्या ओळीत ३, ५, ७; खालच्या ओळीत ८, १, ६. आडवी, उभी, तिरकी कशीही बेरीज करा, १५ च येते.

आता मंत्राचा शब्द घ्या. आपला शब्द 'विस्मरण'. क पासून व्यंजनांना १ ते ९ असे ओळीने अंक द्या, ९ झाले की पुन्हा १ पासून. क १, ख २, झ ९, ञ पुन्हा १, असं. ही देवनागरीची सोय मी माझ्या कामासाठी केली आहे. जुन्या ग्रंथांत हिब्रू अक्षरांची मूल्यं वापरत. या हिशेबाने व २, स ५, म ७, र ९ आणि ण ६.

चौरसावर पातळ कागद ठेवा. वरच्या उजव्या घरात, २ वर, बारीक वर्तुळ काढून सुरुवात करा. तिथून रेघ तिरकी खाली ५ वर, म्हणजे थेट मध्यात. मग सरळ उजवीकडे ७ वर. तिथून तिरकी वर ९ कडे. ही रेघ पहिल्या रेघेला छेदते. शेवटी ९ वरून लांब रेघ खाली उजव्या कोपऱ्यातल्या ६ वर, आणि टोकाला छोटी आडवी दांडी. चौरस काढून घ्या. कागदावर राहतो एक काटेरी, आवळलेला आकार, जो कुठल्याही पुस्तकातून उचललेला नाही आणि तरीही त्याला अर्थ आहे. मनाने काढलेल्या वेड्यावाकड्या रेघांत हा घट्टपणा कधीच येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळतो.

पायरी ५: वर्तुळात कोण आणि बाहेर कोण

चित्रपटांच्या पोस्टरवर हमखास दिसतं: राक्षस वर्तुळात अडकलेला आणि मांत्रिक बाहेर उभा. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या नावाने चालत आलेल्या जादूच्या परंपरेत हे नेमकं उलटं आहे. वर्तुळ साधकाच्या रक्षणासाठी असतं, त्यामुळे तो आत उभा राहतो. बोलावलेली शक्ती येते ती बाहेरच्या त्रिकोणात. बहात्तर शक्तींची यादी देणाऱ्या 'गोएशिया' या ग्रंथात मापंही आहेत: वर्तुळ नऊ फुटांचं, त्यापासून दोन फुटांवर तीन फुटांचा त्रिकोण. तुमच्या कथेत राक्षस आत हवा असेल तर जरूर ठेवा, पण जाणीवपूर्वक. मग तो बदलच कथेचा भाग होतो: या ग्रंथाच्या लेखकाला कोणापासून संरक्षण हवं होतं?

आपल्या पानात मी त्रिकोण रिकामा ठेवीन. आठवण जिथून गेली ती जागा रिकामीच दिसायला हवी.

पायरी ६: प्राणी आणि माणसं

किमयागारांच्या चित्रांतून घ्यायला भरपूर आहे. कावळा आणि काळा रंग म्हणजे कुजणं, पहिली अवस्था, पांढरा रंग शुद्धी, तांबडा पूर्णता. मधल्या अवस्थेत मोराच्या पिसाऱ्याचे रंग झळकतात. सूर्य गिळणारा हिरवा सिंह म्हणजे धातू विरघळवणारं तीव्र द्रव्य, असा एक अर्थ लावतात. १६७७ मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेल इथे छापलेल्या 'मुटुस लिबर', म्हणजे मुक्या पुस्तकात, तर सगळी किमया पंधरा चित्रांमधूनच सांगितली आहे. चित्रांनी किती बोलावं याचा तो उत्तम नमुना.

आपल्या पानासाठी एक कावळा पुरे. त्याच्या चोचीत धागा, आणि धाग्याचं दुसरं टोक झोपलेल्या माणसाच्या कानात.

पायरी ७: अक्षरं

अगम्य लिपी हवी असेल तर आधी वर्णमाला बनवा आणि खरा मजकूर तिच्यात लिहा. नुसत्या गिरगटण्यात एकच आकार फार वेळा येतो किंवा मुळीच परत येत नाही, आणि डोळ्याला ते जाणवतं. हिब्रू अक्षरं वापरणार असाल तर ती उजवीकडून डावीकडे चालतात हे विसरू नका. एका मुखपृष्ठाच्या वेळी मी मांडणीसाठी चित्र आरशासारखं उलटं केलं आणि अक्षरंही उलटी छापली गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली काही नावं देवाची होती, आजही लोक ज्याची प्रार्थना करतात त्या देवाची. तेव्हापासून मी काल्पनिक ग्रंथासाठी काल्पनिक लिपीच बनवतो.

पायरी ८: वापराच्या खुणा

त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची. लिहिताना फिकी, मग काळी पडते, आणि शतकांनी तपकिरी होऊन कागद खाते. म्हणून पूर्ण काळ्या रंगाऐवजी गडद तपकिरी वापरा आणि जाड रेघांपाशी कागद थोडा झिजलेला दाखवा. मथळे तांबड्या शाईने. समासात बोट दाखवणारा छोटा हात काढा, जुने वाचक महत्त्वाच्या ओळीपाशी असे हात काढत. मेणाचा थेंब एखादाच असू द्या.

आणि शेवटी मथळ्यातला 'विस्मरण' हा शब्द खरवडून टाका. चर्मपत्रावरचं लिखाण लेखनिक चाकूने खरवडत, तिथे पृष्ठभाग खरखरीत आणि फिका दिसतो. तसाच तो रंगवा. कोणीतरी या पानावरून मंत्राचं नाव नाहीसं केलं आहे. पण खाली मुद्रा तशीच आहे, आणि ज्याला शनीचा चौरस ठाऊक आहे त्याला त्या रेघांवरून २, ५, ७, ९, ६ हे अंक परत मिळतात.