हॉटेलच्या टीव्हीवर चित्र दिसतं, पण आवाज नाही

गणपतीपुळ्याला मुक्कामी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. चित्र झकास, आवाज गायब; कोपऱ्यात ऑडिओ चालत नसल्याची पाटी. पोरं आपली रिमोटवर आवाज वाढवत बसली! फाइलमधला ऑडिओ डीटीएस नावाच्या प्रकारचा होता, आणि तो बऱ्याच टीव्हींना वाजवताच येत नाही. लॅपटॉपवर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने चित्राला हात न लावता फक्त ऑडिओ एएसी या सर्रास चालणाऱ्या प्रकारात बदलला. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे काम झटक्यात उरकतं.

पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. मोठ्या फाइली घेणारी एक्सफॅट पद्धत कित्येक जुने टीव्ही ओळखत नाहीत. काही हॉटेलं तर यूएसबीच बंद ठेवतात. म्हणून लॅपटॉप थेट टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल बॅगेत हवीच, आणि लांब घ्या. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीपासून टेबल नेहमी लांबच असतं.