मंगिस्ताऊला जायचंय? आधी ड्रायव्हर धरा, तिकीट नंतर

कझाकस्तान म्हटलं की आपली मंडळी अल्माटीला जातात, बर्फात फोटो काढतात, केबल कारमध्ये बसतात आणि परत येतात. त्यात वाईट काही नाही, पण त्याच देशाच्या पार पश्चिम टोकाला, कॅस्पियन समुद्राला लागून मंगिस्ताऊ नावाचा प्रांत आहे आणि तिथलं वाळवंट बघितलं की अल्माटी विसरायला होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सगळा भाग टेथिस महासागराच्या तळाशी होता, म्हणून पांढरे चुनखडीचे कडे, मिठाची मैदानं, आणि नशीब असेल तर पायाखाली शार्कचा दात.

व्हिसाचं आधी सांगून टाकतो कारण पहिला प्रश्न तोच येतो. जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत मिळून ४२ दिवसांची मर्यादा आहे. नियम बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा बघा. दिल्लीहून अल्माटीला थेट विमानं आहेत, तिथून मंगिस्ताऊचं मुख्य शहर अक्ताऊ, त्याचं देशांतर्गत विमान, तीन तासांच्या वर लागतात. ट्रेन पण आहे पण तिला दोन-तीन दिवस लागतात, १४ दिवसांतले इतके दिवस डब्यात घालवायचे का ते तुमचं तुम्ही बघा. स्वस्त एअरलाइनवर सामानाची मर्यादा कडक असते, तंबू-बिंबू नेणार असाल तर बॅगेचे पैसे आधीच भरा.

आता मुद्द्याचं. इथे 'हॉटेल बुक केलं, तिथे जाऊन बघू' हा आपला नेहमीचा खाक्या चालत नाही. बघायच्या जागा अक्ताऊपासून शंभर ते तीनशे किलोमीटर लांब, बऱ्याचशा कच्च्या वाटेवर, ना पाटी ना नेटवर्क, त्यामुळे फोर बाय फोर गाडी आणि वाट माहीत असलेला ड्रायव्हर हीच तुमची ट्रिप. मे आणि सप्टेंबरमध्ये चांगले ड्रायव्हर आधीच बुक झालेले असतात. म्हणून आधी त्याच्याशी तारखा पक्क्या करा, मग विमान. भाडं बहुतेक गाडीमागे ठरतं, माणशी नाही, म्हणजे चौघं असाल तर परवडतं, एकट्यादुकट्याने गेलात तर खिसा चांगलाच हलका होतो. बोलताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: पेट्रोल धरून आहे का, तंबू-स्लीपिंग बॅग कोणाची, जेवण कोण बनवणार, आणि स्टेपनी किती. दोन स्टेपन्या म्हणाला तर माणूस कामाचा. इंग्रजी येईलच असं नाही, भाषांतराच्या ॲपमध्ये रशियन आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, नकाशाही ऑफलाइनच.

सीझन म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सावली नावाला नाही. वसंतात पाऊस झाला की चिकणमाती अशी धरते की मोठी गाडी पण जागची हलत नाही, ड्रायव्हर म्हणाला आज नको तर हुज्जत घालू नका.

रूट साधारण असा बसतो, चार-पाच दिवस धरा. अक्ताऊहून शेतपे गावाच्या दिशेने, वाटेत तोरिश, इथे माळभर दगडी गोळे पडलेत, काही माणसापेक्षा उंच, कोणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे. मग शेरकला डोंगर, आयराक्तीचे किल्ल्यांसारखे सुळके, दुसऱ्या दिवशी तुझबाईरचं मिठाचं मैदान, तिथून उस्त्यूर्त पठारावरून खाली बोझ्झिराची पांढऱ्या कड्यांची दरी. बोझ्झिरासाठी संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही ठेवा, वरच्या कड्यावरून दिसतं ते वेगळं आणि खाली उतरून त्या दोन दातांसारख्या सुळक्यांच्या पायथ्याशी जाऊन दिसतं ते वेगळं, आणि खालची वाट दुसरीकडून फिरून जाते, म्हणून ड्रायव्हरला दोन्ही पाहिजेत हे आधीच सांगा. कड्याच्या अगदी टोकावर सेल्फी नको, चुनखडी ठिसूळ असते.

नंतर बेकेत-अता, आणि माझ्या मते घाई करू नये अशी जागा हीच. अठराव्या शतकातले सूफी संत, खडक पोखरून केलेली भूमिगत मशीद, आणि लांबलांबून येणारे यात्रेकरू. रिवाज असा की आधी वाटेतल्या शोपान-अता या दुसऱ्या संतांच्या जागेचं दर्शन, मग बेकेत-अता. वर यात्रेकरूंसाठी घर आहे, तिथे राहणं-जेवण फुकट, आपल्या खुशीने दान द्यायचं, शेगावची आठवण येते अगदी. जमिनीवर लांबच लांब कापड अंथरलेलं, त्यावर बाउरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, सुकामेवा, चहाच्या वाट्या, सगळे मांडी घालून बसतात आणि तुम्ही कुठले ते विचारतात. चहा अर्धीच वाटी ओततात, तो कंजूषपणा नाही, पुन्हा पुन्हा भरायची पद्धत आहे. मशीद खाली दरीत, पायऱ्या आणि उतार बराच आहे, परतताना चढ, गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर उतरा. बायकांनी डोकं झाकायचं, पुरुषांनीही हाफ पँट नको.

शाकाहारी लोकांनी मनाची तयारी ठेवा. मटण, घोड्याचं मांस, मासे, असा मामला आहे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, पोह्याची पाकिटं बरोबर घ्या, अक्ताऊच्या बाजारात ब्रेड, टोमॅटो, काकडी, फळं मिळतात. उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचा शुबात मिळेल, ताकाची सवय असेल तर आवडेल, पण वाळवंटात निघायच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, सांगून ठेवतो. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा. टॉयलेट बहुतेक ठिकाणी नाही, टिशू आणि कचऱ्याच्या पिशव्या न्या आणि भरलेल्या परत आणा. वारा भयंकर असतो, तंबूचे लांब खिळे लागतात. रोख टेंगे, म्हणजे इथलं चलन, अक्ताऊतच काढा. प्रवास विमा घ्याच, बोझ्झिराहून हॉस्पिटल तासनतास लांब आहे.

परतीची वाट जानाओझेन शहरावरून, वाटेत कारागिये नावाचा खोलगट भाग, समुद्रसपाटीच्या १३२ मीटर खाली. अक्ताऊ हे सोव्हिएत काळात युरेनियमसाठी वसवलेलं शहर, १९७३ पासून १९९९ पर्यंत इथली अणुभट्टी समुद्राचं पाणी गोडं करायलाही वापरायचे. पत्त्यात रस्त्याचं नाव बहुतेक नसतंच, विभाग, इमारत, घर असे तीन आकडे, तेच टॅक्सी ॲपमध्ये टाकायचे. अल्माटीचं विमान वाळवंटातून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीचं ठेवा, त्याच दिवशीचं नको, कारण एक टायर बसला की सगळं गणित पुढे सरकतं.